लंडनच्या कार्यक्रमात चाळीस मिनिटे ‘जॉर्ज’ सराईला द्या : इंग्लंडच्या सहली नेणाऱ्या मराठी आयोजकांना खुले पत्र

सर्व सहल-आयोजक, टूर मॅनेजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की लंडनमध्ये जागोजागी मराठी कानावर पडू लागते. तुम्ही आणलेले ग्रुप टॉवर ब्रिजवर भेटतात, बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकापाशी भेटतात, लंडन आयच्या रांगेत भेटतात. जेवणापासून गुडघेदुखीच्या गोळ्यांपर्यंत तुम्ही माणसांची किती काळजी घेता हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या आईवडिलांनी इंग्लंड पहिल्यांदा पाहिले ते तुमच्यासारख्याच एका आयोजकाबरोबर, आणि त्या सहलीच्या आठवणी घरात अजून निघतात. तेव्हा हे पत्र तक्रारीचे नाही. एक मागणी आहे, ती अगदी मनापासून करतो आहे. लंडनच्या दिवसातून चाळीस मिनिटे काढा आणि तुमच्या माणसांना साउथवर्कमधल्या ‘जॉर्ज इन’च्या चौकात घेऊन या.

मी वास्तुविशारद आहे, जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझे रोजचे काम. इथे माझ्याकडे जे जे पाहुणे आले त्यांना मी या चौकात नेले. राजवाडे पाहून थकलेली माणसे इथे आली की प्रश्न विचारू लागतात. घोडे कुठे बांधायचे? जेवण कुठून यायचे? वरच्या खोल्यांना बाहेरूनच दार का? त्या प्रश्नांमुळेच हे पत्र लिहावेसे वाटले.

लंडन ब्रिज स्टेशनातून बरो हाय स्ट्रीटवर आलात आणि दक्षिणेकडे चालू लागलात की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला एक बोळ लागतो. गडबडीत असाल तर चुकेल असा. आत शिरलात की उजवीकडे तीन मजल्यांची लांबट इमारत दिसते. खाली बैठकीच्या खोल्या, बारीक चौकटींच्या काचांच्या खिडक्या, आणि वर एकावर एक दोन लाकडी सज्जे. सज्जांना खांब, कातीव कठडे, आणि सज्जातच उघडणारी खोल्यांची दारे. ही इमारत १६७७ सालची. इंग्लंडमध्ये जुन्या वास्तूंची जी सरकारी यादी आहे तिच्यातल्या सर्वांत वरच्या, पहिल्या श्रेणीत हिची नोंद आहे. चौकाकडे सज्जे असलेल्या अशा सराया लंडनमध्ये एकेकाळी गल्लोगल्ली होत्या. आज त्यातली ही एकच उरली आहे.

तुम्ही दाखवता ती लंडनची बहुतेक ठिकाणे राजाची, चर्चची किंवा सरकारची आहेत. ती दाखवायलाच हवीत. पण जॉर्ज बांधली गेली ती प्रवाशांसाठी. कापडाचे व्यापारी, कोर्टाच्या कामाला आलेले शेतकरी, मुलीकडे निघालेल्या आया, गावाकडून नोकरी शोधायला आलेली पोरे, अशा माणसांची इथे रात्रीची सोय व्हायची. प्रवाशांना घेऊन जाणे हाच तुमचा व्यवसाय. मग प्रवाशांची ही वास्तू तुमच्या यादीत नसावी, याचे मला वाईट वाटते.

सराया नेमक्या याच रस्त्यावर का दाटल्या होत्या, हे तुमच्या टूर मॅनेजरने दोन मिनिटांत सांगावे. त्यासाठी मागे वळून थेम्सकडे बोट दाखवले की पुरते. शतकानुशतके लंडन शहरात शिरायला नदीवर एकच पूल होता, लंडन ब्रिज. पुटनीचा लाकडी पूल १७२९ साली झाला आणि वेस्टमिन्स्टरचा १७५० साली. तोवर केंट, ससेक्स, सरे, म्हणजे दक्षिणेकडून जमिनीच्या वाटेने येणारा बहुतेक माल आणि बहुतेक माणसे या एका रस्त्याने यायची. पूल अरुंद, त्यावर दोन्ही बाजूंनी घरे, आणि रात्री पुलाची दारे बंद. अंधार पडल्यावर पोचलेल्याला अलीकडेच मुक्काम करावा लागे. पलीकडून दक्षिणेला जाणाऱ्याही गाड्या इथूनच सुटत. म्हणून पुलाच्या या तोंडाशी सरायांची रांगच लागली. जॉन स्टो या लंडनच्या इतिहासकाराने १५९८ साली या रस्त्यावरच्या सरायांची नावे लिहून ठेवली आहेत : स्पर, ख्रिस्टोफर, बुल, क्वीन्स हेड, टॅबर्ड, जॉर्ज, हार्ट, किंग्ज हेड. आज रस्त्याच्या कडेच्या पाट्या वाचत चला. व्हाइट हार्ट यार्ड, किंग्ज हेड यार्ड, टॅल्बट यार्ड. सराया गेल्या, त्यांच्या बोळांना नावे तेवढी राहिली.

यातल्या क्वीन्स हेडची एक गोष्ट तुमच्या ग्रुपमधल्या आईवडिलांना नक्की आवडेल. तिची मालकी वारशाने जॉन हार्वर्ड नावाच्या तरुणाकडे आली. तो याच भागात जन्मला, १६०७ साली इथल्याच चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. तेच आजचे साउथवर्क कॅथीड्रल. तो पुढे अमेरिकेला गेला आणि १६३८ साली मरताना आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० पुस्तके तिथल्या एका नव्या कॉलेजला देऊन गेला. त्या कॉलेजला त्याचे नाव मिळाले.

शेजारच्या टॅबर्डचे नाव तर त्याहून मोठे. चौदाव्या शतकात कवी चॉसरने आपले कँटरबरीचे यात्रेकरू जमवले ते तिथे. आपल्याकडे वारीला निघताना दिंडी जशी एका ठिकाणी गोळा होते, तशी ती मंडळी टॅबर्डमध्ये जमतात आणि दुसऱ्या दिवशी बरोबरच घोड्यांवरून निघतात. टॅबर्ड १८७३ साली पाडली. जॉर्जच्या भिंतीला लागून असलेली ती जागा आज पाहिली तर काहीही दिसत नाही. जॉर्जचे मोल कळायला हे शेजारचे रिकामेपण पाहावेच.

आता इमारतीबद्दल. माझा विषय, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१६७६ साली साउथवर्कला मोठी आग लागली. दहा वर्षांपूर्वीच्या लंडनच्या आगीपुढे हिची आठवण झाकोळली गेली, पण इथली शेकडो घरे हिच्यात गेली. जॉर्जही जळाली. पुढच्याच वर्षी ती पुन्हा उभी राहिली, आणि मालकाने नवा घाट न निवडता जुन्याच घाटावर बांधली. त्यामुळे आज जे दिसते ते बांधकाम १६७७ चे असले तरी रचना त्याहून कितीतरी जुनी आहे.

रचनेचे मूळ जमिनीच्या तुकड्यात आहे. रस्त्यालगतची जागा महाग, म्हणून प्रत्येक सराईच्या वाट्याला रस्त्यावर जेमतेम गाडी जाईल एवढी कमान आणि मागे खोलवर गेलेली चिंचोळी पट्टी. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. उजेड आणि वारा यायचा तर मधल्या चौकातूनच. मग चौकाच्या बाजूंनी एक-एक खोली रुंदीच्या माड्या चढवल्या. आतून मार्गिका काढली असती तर तेवढी जागा खोल्यांतून गेली असती, म्हणून मार्गिका बाहेर चौकावर टांगली. तो हा सज्जा. प्रवासी जिना चढून सज्जात यायचा, आपल्या दारापर्यंत चालत जायचा, आणि कठड्याला रेलून खाली गाड्यांची ये-जा बघायचा. पहिल्या चौकामागे दुसरे मोठे आवार असायचे. तिथे पागा, गवताच्या गंजी, मालाच्या गाड्या आणि मोतद्दारांची राहण्याची जागा. पुढे माणसे, मागे जनावरे आणि माल अशी ही वाटणी होती.

पुण्या-नाशिकच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे. माझी एक मावशी चौकात उभी राहून वर बघत म्हणाली, “हे तर आपल्या वाड्यासारखंच, फक्त तुळस नाही.” इंग्रजी गाइड तास घालवून जे सांगेल ते मावशीने एका वाक्यात धरले होते. तुमच्या ग्रुपमधली माणसे इथे पाहुणी वाटणार नाहीत, असे मी म्हणतो ते यामुळे.

जरा जवळ जाऊन बघायला सांगा. सज्जाचे लाकूड सरळ राहिलेले नाही. कठड्याची ओळ मध्येच खाली झुकते, पुन्हा वर येते. तीनशे-साडेतीनशे वर्षे वजन पेलताना तुळया बसल्या आहेत. आम्ही दुरुस्तीवाले अशी वाकलेली ओळ सरळ करायला जात नाही. लाकूड ज्या स्थितीत स्थिरावले त्या स्थितीत त्याला आधार देतो, कुजलेला भाग तेवढाच कापून नवा तुकडा सांधतो. सज्जे इमारतीच्या एका भागावरच आहेत. उरलेला भाग साधी विटांची भिंत आणि खिडक्या. दोन्हींची सांध दिसते तिथे थांबा. एकाच सराईत जुनी आणि नवी पद्धत शेजारी-शेजारी उभ्या आहेत.

आत एका भिंतीवर मोठ्या तबकडीचे जुने लाकडी घड्याळ आहे. १७९७ साली पंतप्रधान पिट यांनी पार्लमेंटच्या कायद्याने घड्याळांवर कर बसवला. लोकांनी घड्याळे घेणेच सोडले, घड्याळजींचा धंदा बसला, आणि पुढच्याच वर्षी कर मागे घ्यावा लागला. त्या काळात सरायांतल्या मोठ्या घड्याळांवर लोक वेळ बघत, म्हणून अशा घड्याळांना पार्लमेंटचे नाव चिकटले. खरे तर सरायांत ती त्याआधीही होती, कारण गाडी सुटायची वेळ सगळ्यांना दुरून दिसायला हवी.

वेळ हा त्या धंद्याचा प्राण होता. १७८४ च्या ऑगस्टमध्ये जॉन पामर या गृहस्थाने ब्रिस्टलहून लंडनला टपालाची पहिली घोडागाडी पळवून दाखवली. साधारण १६ तासांत ती पोचली. आधी टपालाला त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागायचा. युक्ती साधी होती. दर दहाएक मैलांवर सराईत ताजे घोडे तयार ठेवायचे, गार्डने लांबूनच शिंग फुंकायचे, आणि गाडी चौकात शिरताच मोतद्दारांनी घोडे सोडून नवे जुंपायचे. चांगल्या सराईत हे काम काही मिनिटांत व्हायचे. गार्डकडे बंदूक असायची, आणि कुलूपबंद पेटीतले घड्याळही. तेव्हा प्रत्येक गावाची वेळ आपली वेगळी, लंडन आणि ब्रिस्टल यांत दहा मिनिटांचा फरक. त्यामुळे पश्चिमेला जाणाऱ्या गाडीचे घड्याळ मुद्दाम किंचित हळू चालेल असे लावून देत. आत चार माणसे बसत, बाकीची छपरावर, पावसात आणि थंडीत, साधारण निम्म्या भाड्यात. कमानीतून जाताना छपरावरच्यांनी मान खाली घातली नाही तर कपाळमोक्ष ठरलेला. हे तुमच्या मंडळींना कमानीपाशीच सांगा. एसी बसमधून उतरलेल्या माणसाला प्रवास म्हणजे काय होता हे तिथे अंगावर येते.

जॉर्जमधून सुटणाऱ्या गाड्या केंट आणि ससेक्सकडच्या. त्याच रस्त्याने केंटचे हॉप्स यायचे, बिअरला कडवटपणा आणणारी ती फुले. जवळच साउथवर्क स्ट्रीटवर १८६७ सालची हॉप एक्स्चेंजची भव्य इमारत आहे, जाता-जाता पाहण्यासारखी.

आणि मग रेल्वे आली. लंडनमधली पहिली रेल्वे १८३६ साली लंडन ब्रिजपर्यंत आली, जॉर्जपासून हाकेच्या अंतरावर. दहा-पंधरा वर्षांत लांब पल्ल्याच्या घोडागाड्या संपल्या. सरायांच्या खोल्या ओस पडल्या, पागांत गोदामे झाली. जॉर्ज पुढे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या ताब्यात गेली आणि १८८९ साली कंपनीने चौकाच्या दोन बाजू पाडून टाकल्या. त्याच वर्षी शेजारची व्हाइट हार्टही गेली. तिच्याच चौकात कादंबरीकार डिकन्सने ‘पिकविक पेपर्स’मधल्या आपल्या सॅम वेलरला बूट पुसताना पहिल्यांदा वाचकांसमोर आणले होते. जॉर्जची दक्षिणेकडची एक बाजू तेवढी वाचली. रेल्वे कंपन्यांच्या एकत्रीकरणानंतर ती लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेकडे आली, आणि त्या कंपनीने १९३७ साली ती जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली. एका कंपनीने पाडले, तिच्या वारसदार कंपनीने उरलेले जपायला दिले. मला हे दान मोठे वाटते. आपल्याकडे वाडा पडला की वारसांची भांडणे आठवतात; इथे निदान एक बाजू तरी सगळ्यांसाठी राहिली.

एक कळकळीची विनंती. इथे आणाल तेव्हा ‘शेक्सपिअर याच सज्जाखाली नाटक करायचा’ असे सांगू नका. काही गाइड ते सांगतात, लोकांना ऐकायलाही आवडते. शेक्सपिअर १६१६ साली वारला आणि हे लाकूड उभे राहिले १६७७ साली. खरी गोष्ट तितकीच रंजक आहे, ती सांगा. त्याच्या तरुणपणी लंडनच्या काही सरायांच्या चौकात नाटके होत. लडगेट हिलची बेल सॅव्हेज आणि बिशप्सगेटची बुल ही त्यांतली माहीत असलेली ठिकाणे. गरिबांनी चौकात उभे राहायचे, पैसेवाल्यांनी सज्जात बसायचे. ही बसण्याची रीत समजून घ्यायची असेल तर जॉर्जच्या चौकात उभे राहून वर बघावे, आणि मग चालत जाऊन थेम्सकाठी १९९७ साली पुन्हा उभारलेले ग्लोब थिएटर बाहेरून तरी पाहावे. डिकन्सबद्दल मात्र हात आखडता घेऊ नका. ‘लिटल डॉरिट’ या कादंबरीत त्याने जॉर्जचे नाव घेतले आहे, आणि त्याचे वडील कर्जापायी ज्या मार्शलसी तुरुंगात होते त्याची एक भिंत याच रस्त्यावर थोडी पुढे उभी आहे. बाराव्या वर्षी कारखान्यात काम करणारा तो मुलगा वडिलांना भेटायला याच रस्त्याने यायचा.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पहिली, वेळ. टॉवर ब्रिजवर तुम्ही थांबताच. तिथून दक्षिण काठाने सरळ चालत आले की वीसेक मिनिटांत लंडन ब्रिज येते, सपाट रस्ता, डाव्या-उजव्या बाजूला बघायला भरपूर. ज्येष्ठांना चालवत नसेल तर एक थांबा लंडन ब्रिज स्टेशनाजवळ घ्या. दुसरी अडचण, हा आता पब आहे. घरच्या मंडळींना पबमध्ये कसे न्यायचे, असा संकोच काही जणांना वाटेल. इथे माणसे लेकरांना घेऊन दुपारी जेवायला येतात. चौकात बाके आहेत, चहा-कॉफी मिळते, बटाट्याच्या गरम चिप्स शाकाहाऱ्यांनाही चालतात. न पिणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. चौकात नुसते उभे राहून इमारत पाहायला पैसे पडत नाहीत, पण पन्नास माणसे नेऊन काहीच न घेणे बरे दिसत नाही. अर्ध्या ग्रुपने तरी कॉफी घ्यावी. वरच्या सज्जात जायचे तर आधी विचारा. आणि संध्याकाळी आणू नका. ऑफिसे सुटली की चौकात पाय ठेवायला जागा नसते. दुपारची वेळ निवडा, शनिवार-रविवार टाळा.

तुमच्यापैकी जे लंडनहून यॉर्क आणि एडिंबराकडे बसने जातात त्यांना आणखी एक सुचवतो. वाटेत स्टॅमफर्ड गाव लागते. तिथल्या जॉर्ज नावाच्याच सराईची पाटी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या तुळईवर टांगलेली आहे. उत्तरेच्या हमरस्त्यावरची ती मोठी सराई. भरभराटीच्या दिवसांत रोज वीस गाड्या वर आणि वीस खाली जायच्या. दाराशी समोरासमोर दोन खोल्या आहेत, एकीवर लंडन लिहिलेले, दुसरीवर यॉर्क. ज्या दिशेची गाडी पकडायची त्या खोलीत बसायचे. चहाचा थांबा तुम्ही कुठेतरी पेट्रोल पंपावर घेताच, तो कधी स्टॅमफर्डला घेऊन बघा.

पुढच्या उन्हाळ्याचे कार्यक्रम तुम्ही दिवाळीच्या सुमारास ठरवता आणि माहितीपत्रके छापायला देता. त्याआधी तुमच्यापैकी कुणी लंडनला येणार असेल तर मी स्वतः बरोबर येऊन जॉर्ज दाखवीन, आणि टूर मॅनेजरांना बोलायला सोपे जावे म्हणून चौकाचा मराठीत नावे घातलेला एक नकाशाही काढून देईन. त्याचे पैसे नकोत. हे पत्र वाचणाऱ्या आणि इंग्लंडला निघालेल्या प्रवाशांनाही सांगतो : बुकिंग करताना तुमच्या आयोजकाला विचारा की कार्यक्रमात जॉर्ज आहे का. दहा जणांनी विचारले तर ती नक्की येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लंडनमधील एक मराठी वास्तुविशारद